इंदूरच्या छावणीतलं सोयाबीन तेल: थोडा वास शिल्लक ठेवलेलं

परवा रात्री गरम मेतकूट-भातावर चमचाभर कच्चं सोयाबीन तेल घालून जेवलो. शेंगदाण्याचं नव्हे, तिळाचं नव्हे, सोयाबीनचं. घाण्यातून निघालेलं सोयाबीनचं तेल ज्यांनी एकदा नाकाशी धरलंय त्यांना हे खरं वाटणार नाही. ओल्या शेंगा हातात चुरडल्यावर येतो तसा हिरवट, कडवट वास असतो त्याला. आणि बाजारातलं रिफाइंड भातावर घातलं तर भात नुसता ओशट होतो, चव काही लागत नाही. या तेलाने भाताला चव आली. थोडीशीच, भाजलेल्या डाळीच्या जवळ जाणारी. आमच्या हिने दुसऱ्यांदा तेल मागितलं, म्हणून हे लिहायला बसलो.

देवास रस्त्यावरच्या एका सोया प्लांटच्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं काढली. 1988 साली लागलो. माळव्याची काळी जमीन पूर्वी पावसाळ्यात पडीक ठेवत आणि रब्बीला गहू-हरभरा घेत. त्या पडीक जमिनीवर सोयाबीन आलं आणि पाठोपाठ आमच्यासारखे प्लांट आले. माझं काम तेल तपासायचं. दर दोन तासांनी डिओवरून सॅम्पल यायचं. डिओ म्हणजे डिओडोरायझर, तेलाचा वास काढणारा मनोरा. प्लांटमध्ये त्याचं पूर्ण नाव कोणी घेत नाही. सॅम्पल पन्नास अंशांपर्यंत कोमट करायचं, बीकरवर तळहात ठेवून हलवायचा, हात काढून लगेच वास घ्यायचा. मग चमचाभर तोंडात घेऊन जिभेवर फिरवायचं, थुंकायचं, कोमट पाण्याने चूळ भरायची. वास नाही, चव नाही, असं रजिस्टरमध्ये लिहिलं की टाकी पास. रात्रपाळीत दोन वाजता, चार वाजता, सहा वाजता हेच. तोंडाला काहीच लागलं नाही म्हणजे काम चांगलं झालं, अशी सवय जिभेला लागली होती.

निवृत्त झाल्यावर ती सवय मला टोचू लागली. घरी येणारं तेल मीच एके काळी पास करायचो त्याच जातीचं, स्वच्छ, पाण्यासारखं. त्यात दोष काढायला जागा नव्हती. पण त्या मनोऱ्याच्या दुसऱ्या तोंडातून काय बाहेर पडतं तेही मी रोज पाहिलेलं होतं, त्यामुळे डबा उघडताना ते आठवायचंच. त्याबद्दल पुढे सांगतो.

हे तेल विकणारं दुकान इंदूरच्या छावणी भागात आहे, धान्य मंडीच्या बाजूच्या गल्लीत. पाटीवर नाव नाही. 'सोयाबीन तेल, मूंगफली तेल, खली' एवढंच रंगवलेलं आहे, तेही खालून पुसट झालंय. आजूबाजूचे हमाल त्यांना खलीवाले म्हणतात, कारण जुना धंदा पेंडीचा. कोणालाही खलीवाले विचारा, बोट दाखवतील. आमच्या शेजारच्या वहिनींनी दिवाळीच्या आधी तिथला एक लिटरचा डबा आणला होता आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही यातले, जरा बघा, वास येतोय म्हणजे खराब आहे का?" मी वास घेतला. खराब नव्हतं. वास ताजा होता, फक्त पूर्ण गेलेला नव्हता. अर्ध्यावर थांबवलेल्या कामाचा तो वास होता, आणि इतक्या नेमक्या जागी थांबवलेला की हे चुकून झालंय असं वाटेना. दुसऱ्या दिवशी मी छावणीत गेलो.

गल्ल्यावर पस्तिशीचा मुलगा होता. मी विचारलं, "रिफाइंड है?"

"है, पर पूरा नहीं बाबूजी. थोड़ी बास रखी है. पूरी निकालो तो तेल मर जाता है."

"कितनी डिग्री पे चलाते हो?"

"एक सौ नब्बे," तो म्हणाला. मग माझ्याकडे नीट बघून, "आप लाइन के हो क्या?"

तेलाच्या दुकानात डिग्रीचा आकडा विचारल्यावर लगेच मिळावा, हे मला एकतीस वर्षांत झालं नव्हतं. मी स्टुलावर बसलो तो तासाभराने उठलो.

वास काढणं म्हणजे काय ते इथे सांगायला हवं, नाहीतर या तेलाला जास्तीचे पैसे कशाचे ते कळणार नाही. काही लोकांना वाटतं की तेलात काही रसायन टाकून वास मारतात. तसं नाही. तेल तापवतात, वरची हवा ओढून घेऊन जवळजवळ निर्वात करतात आणि तळातून वाफेचे बारीक बुडबुडे सोडतात. वाफ तेलातून वर जाताना जे जे उडण्यासारखं असेल ते सोबत नेते. कुकरची शिट्टी झाली की आत काय शिजतंय ते घरभर कळतं ना, वाफच तो वास बाहेर आणते. डिओमध्ये तेच होतं, फक्त तिथे शिट्टी तासन् तास चालू असते आणि वास गोळा करायला दुसऱ्या बाजूला टाकी असते.

आता उडण्यासारखं म्हणजे काय काय? सगळ्यात आधी निघतात वासाची द्रव्यं, अल्डिहाइड आणि कीटोन. ही अगदी हलकी, थोड्या तापातही सुटतात. त्यांच्या मागे मुक्त फॅटी आम्लं. आणि त्यांच्याही मागे, जरा जडपणाने, टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्व, आणि वनस्पती स्टेरॉल. ही ओळ ठरलेली आहे. पण तापमान चढवत गेलात की ओळीतली अंतरं मिटतात आणि मागचेही पुढच्यांबरोबर निघून जातात. मोठ्या प्लांटांत 230 ते 260 अंशांवर काम चालतं. नेहमीच्या रिफायनिंगमध्ये सोयाबीन तेलातलं ई जीवनसत्त्व साधारण तिसरा हिस्सा कमी होतं, आणि त्यातलं बरंचसं डिओमध्येच जातं.

ते जातं कुठे, तर ड्रममध्ये. त्याला डिस्टिलेट म्हणतात. गडद तपकिरी, काकवीसारखं दाट, थंडीत थिजून बसणारं, आणि वास असा की हाताला लागला तर दोन दिवस साबणाने जात नाही. त्या ड्रमांची सॅम्पलं मी काढली आहेत. ते ड्रम ट्रकने ई जीवनसत्त्व वेगळं करणाऱ्या कारखान्यांकडे जात. नैसर्गिक ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल जगभर ज्यातून होतात, त्यातला मोठा भाग हे सोयाबीनचं डिस्टिलेटच असतं. तेलातून काढलेली वस्तू गोळीत जाते आणि तेल घेणाऱ्या घरात ती गोळी बहुधा पोचत नाही. हे मला नोकरीत असतानाही खटकायचं आणि अजून खटकतं.

बरं, इतकं तापवायची गरज वासासाठी असते का? फारशी नसते. वास त्याच्या पुष्कळ आधी गेलेला असतो. तापवतात ते एक तर ताशी जास्त टन निघावेत म्हणून, आणि दुसरं रंगासाठी. जास्त उष्णतेत कॅरोटीन हे पिवळं रंगद्रव्य मोडतं आणि तेल फिकं होतं. गिऱ्हाईक बाटली उजेडात धरून बघतं आणि पांढरं तेल उचलतं, म्हणून प्लांट पांढरं तेल करतो. या पांढऱ्यासाठी आणखी एक गोष्ट जाते. सोयाबीनच्या तेलात सातेक टक्के लिनोलेनिक आम्ल असतं, लोक ज्याला ओमेगा-3 म्हणतात त्यातलं. फार उष्णतेत रेणूची घडी बदलून ट्रान्स फॅट तयार होतं आणि ते सगळ्यात आधी या लिनोलेनिकचंच होतं. 230 च्या वर ग्लायसिडिल एस्टर ही नको असलेली द्रव्यंही वाढू लागतात. आपल्याकडे 1 जानेवारी 2022 पासून खाद्यतेलं आणि वनस्पती तूप यांतल्या ट्रान्सला 2 टक्क्यांची मर्यादा आहे आणि नीट चालवलेला प्लांट त्याच्या आत राहतो. हे मी भीती घालायला सांगत नाही. पण मर्यादेच्या आत राहणं वेगळं आणि मुळात तिकडे न जाणं वेगळं.

तापमान कमी ठेवायचं तर दुसरीकडून भरपाई करावी लागते. निर्वात आणखी खोल करायचं, किंवा वाफ जास्त सोडायची, किंवा वेळ वाढवायचा. वरचा दाब निम्मा केला तर त्याच कामाला वाफही निम्मी पुरते, इतकं सरळ गणित आहे. म्हणून डिओ चालवणाऱ्याचा जीव व्हॅक्यूममध्ये असतो. इंदूरच्या उन्हाळ्यात हीच अडचण यायची. व्हॅक्यूम धरणारे इजेक्टर कंडेन्सरच्या गार पाण्यावर चालतात. मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणीच कोमट, मग आतला उरलेला दाब दाखवणारा, 3 मिलिमीटरवर (पाऱ्याच्या) असलेला काटा 5 वर, 6 वर सरकायचा. सॅम्पलला वास यायला लागला की ऑपरेटर काय करणार, तापमान दहा अंश चढवणार. वास गेला, रजिस्टर भरलं. त्या दहा अंशांत अजून काय गेलं ते रजिस्टरमध्ये लिहायचा रकानाच नव्हता.

म्हणूनच गेल्या आठवड्यात मी त्या मुलाचं युनिट बघायला मुद्दाम मे महिन्यात गेलो. सांवेर रोडवर छोटी शेड आहे. त्याने सकाळी पाचला बोलावलं होतं. कारण विचारलं तर म्हणाला, उन्हाळ्यात डिओ पहाटे तीनला सुरू करतो आणि आठच्या आत बंद करतो, पाणी तेवढा वेळच गार मिळतं. मला फार बरं वाटलं. वास काढायची वेळ पाण्याच्या गारव्यावर ठरवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

तेल एक्सपेलरचं, म्हणजे दाणा दाबून काढलेलं; हेक्झेन हे द्रावक वापरलेलं नाही. आधी गरम पाण्याने गम म्हणजे चिकट द्रव्यं काढतात, मग हलक्या कॉस्टिकने आम्लं काढून धुतात, थोडी ब्लीचिंगची माती, मग डिओ. आम्लं आधीच काढल्यामुळे डिओवर तो भार राहत नाही आणि तापमान खाली ठेवता येतं. एका वेळी पाचशे किलो. 190 अंश, 2 ते 3 मिलिमीटर, साडेतीन तास. जुन्या काळचे बॅच डिओ याच्या आसपासच चालत, त्यांचं व्हॅक्यूम मात्र इतकं चांगलं नसे. सगळ्यात जास्त आवडलं ते बॉयलर. 17.5 किलो दाबाचा साधा बॉयलर, आणि तेल त्याच्याच वाफेच्या कॉइलने तापतं. त्या दाबाची वाफ 208 अंशांच्या आसपास असते. म्हणजे कोणी झोपेत व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवला तरी तेल त्याच्या वर जाऊच शकत नाही. ऑपरेटरच्या चांगुलपणावर काही सोडलेलं नाही.

वाफेऐवजी थर्मिक फ्लुइड, म्हणजे कॉइलमधून गरम फिरवायचं द्रव, का नाही घेतलं, स्वस्त पडलं असतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, कॉइल फुटली तर काय तेलात जाईल ते मला खायला चालेल का. हा मुलगा जपानची गोष्ट ऐकून होता की नाही माहीत नाही, मीच त्याला सांगितली. 1968 साली पश्चिम जपानात कानेमी कंपनीच्या राइसब्रॅन तेलात, नेमकं वास काढण्याच्या टप्प्यावर, तापवणाऱ्या नळीतून गळून पीसीबी हे विषारी रसायन मिसळलं आणि हजारो लोक आजारी पडले. अंगावर काळे फोड, पुढे जन्मलेल्या बाळांनाही त्रास. लॅबमध्ये नवीन मुलगा आला की मी त्याला पहिल्या आठवड्यात ही गोष्ट सांगायचो. आता पीसीबी वापरत नाहीत, पण तापवणारं द्रव आणि खायचं तेल यांच्यात फक्त एका नळीची भिंत असते हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे.

साडेतीन तास झाल्यावर त्यांनी लगेच बाहेर काढलं नाही. निर्वातातच गार केलं, मध्येच सायट्रिक आम्लाचं थोडं पाणी आत सोडलं. लोखंडाचा, तांब्याचा अंश असेल तर ते बांधून ठेवतं, नाहीतर हेच धातू तेल खवट करायला निमित्त होतात. साठच्या खाली आल्यावर झाकण उघडलं. मी सवयीने बीकर मागितला. स्टीलची वाटी मिळाली. तळहात ठेवला, हलवली, वास घेतला, तोंडात घेतलं. या वेळी थुंकलं नाही.

आता घरातलं सांगतो. सहा महिने आमच्याकडे हेच तेल आहे.

फोडणीला उत्तम. मोहरी तडतडली की सुरुवातीला भाजल्या दाण्यासारखा बारीक वास येतो, हिंग पडला की तो दिसेनासा होतो. इंदुरी पोह्यांना तेल थोडंच लागतं, पोहे वाफेवर होतात, पण जे लागतं ते जाणवतं. वर जिरावण मसाला भुरभुरवला की दोन्ही वास एकमेकांना धरून राहतात. लाल तिखटात, जवसाच्या चटणीत कच्चं घालायला मला हे शेंगदाणा तेलाइतकंच आवडू लागलं आहे. कोशिंबिरीत मात्र काकडीबरोबर तो हिरवट वास पुन्हा वर येतो. काकडी आणि कच्च्या सोयाबीनचा वास जवळपासचा आहे, एकमेकांना वाढवतात. तिथे आम्ही तूप-जिऱ्याची फोडणी देतो.

डिसेंबरात गराडू (एक कंद) तळले. इंदूरच्या सराफा बाजारात मिळतात तसे, आधी मंद आचेवर शिजेपर्यंत, मग थोडे दाबून पुन्हा कडक. दोनदा तळायचं म्हणजे तेलाची खरी परीक्षा. धूर लवकर धरला नाही, फेस आला नाही. आम्लं नीट काढलेली असल्याची ही खूण, कारण मुक्त आम्लं जास्त असतील तर तेल लवकर धुरावतं. डब्याला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर पेनने एफएफए, म्हणजे मुक्त आम्लं, 0.08 टक्के असं लिहिलेलं होतं. मी घरी फिनॉफ्थॅलीनवर टायट्रेशन करून, म्हणजे थेंबाथेंबाने अल्कली घालून आम्ल मोजून पाहिलं. गुलाबी छटा आली ती 0.09 ला. एवढा फरक हाताचा. चिठ्ठी खरी आहे.

नातीने विचारलं होतं की आजोबा, वास काढायचाच कशाला, घाण्यातून निघालेलं तसंच का नाही खायचं. शेंगदाणा, तीळ, करडई यांचं तसं खाता येतं, खावं. सोयाबीनचं नाही. त्यातला तो हिरवट वास दाणा भरडताना लायपॉक्सिजनेज नावाच्या एन्झाइममुळे तयार होतो आणि तेलात उतरतो. खंडवा रोडवरच्या आपल्या सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी 132, एनआरसी 142 अशा जाती काढल्या आहेत, त्यांत याचा एक प्रकार नाहीच, त्यामुळे वास मुळातच कमी. हा मुलगा देपालपूरच्या काही शेतकऱ्यांकडून तसं बियाणं लावून घ्यायच्या खटपटीत आहे. तसं झालं तर काढायचा वासच कमी उरेल आणि 190 सुद्धा खाली आणता येईल. पण आज बाजारात येणारं सोयाबीन मिसळ असतं आणि त्याचं न शुद्ध केलेलं तेल स्वयंपाकात चालत नाही. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणाहून 'कच्ची घाणी सोया, काहीही प्रक्रिया नाही' असं लिहिलेलं तेल मी मागवलं होतं. दिवाळीचा पातळ पोह्यांचा चिवडा त्यात केला. चौथ्या दिवशी डबा उघडला तर ओल्या गवताचा वास, आठव्या दिवशी भिंतीच्या रंगासारखा. सगळा चिवडा फेकावा लागला, आणि हिने दोन दिवस बसून केलेला होता. सोयाबीन तेल बिघडताना याच पायऱ्यांनी बिघडतं, आधी गवत, मग रंग. या दुकानाच्या तेलातला चिवडा गेल्या दिवाळीत तीन आठवडे टिकला, म्हणजे संपेपर्यंत.

तक्रारही आहे, आणि ती मी त्याला तोंडावर सांगितली आहे. एक लिटरचं तेल तो आता पारदर्शक बाटल्यांत भरतो आणि त्या बाटल्या दुकानाच्या पुढच्या फळीवर मांडतो, सोनेरी रंग गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून. छावणीतल्या त्या गल्लीत सकाळी दहा ते एक थेट ऊन असतं. एप्रिलमध्ये डबे संपले होते म्हणून मी अशी एक बाटली आणली. घरी उघडली तर वास बदललेला होता, गवताच्या पायरीवर गेलेला. कारण साधं आहे. ब्लीचिंगची माती थोडी वापरली म्हणजे तेलात हिरवं क्लोरोफिल थोडं जास्त राहतं आणि उजेडात तेच तेलाला बिघडवतं. पाण्यासारख्या पांढऱ्या तेलापेक्षा या तेलाला उजेडाची भीती जास्त आहे. एवढ्या निगुतीने वाचवलेलं ई जीवनसत्त्व मग बाटलीतल्या बाटलीत, तेल सांभाळण्यातच खर्ची पडतं. त्याने बाटली काही न बोलता बदलून दिली आणि बाटल्या आत घेतल्या. परवा गेलो तर चार बाटल्या परत फळीवर होत्या. मी पुन्हा बोललो. तुम्ही गेलात तर बाटली घेऊ नका, पत्र्याचा डबाच मागा.

दुसरं, दुकानात एक कागद चिकटवलाय, 'दिल की दवा'. तो काढ म्हटलं. तेल औषध नाही, कितीही चांगलं असलं तरी चमच्यानेच मोजून घालायची वस्तू आहे. आणि मोठ्या कंपन्यांच्या पिशवीवर निळ्या रंगात '+एफ' असतं, म्हणजे त्यात ए आणि डी जीवनसत्त्व वरून घातलेलं. या तेलात ते नाही. घरात लहान मुलं असतील आणि दूध-भाज्या कमी जात असतील तर याचा विचार करून घ्या. ई जीवनसत्त्वाचा आकडाही चिठ्ठीवर नसतो. ती तपासणी महाग आहे हे मला माहीत आहे, पण वर्षातून दोनदा तरी बाहेरच्या लॅबकडून करून आणायला हवी, कारण त्याचा सगळा दावा त्याच आकड्यावर उभा आहे. त्याने पावसाळ्यानंतर करतो म्हटलंय. आकडा आला की मी इथेच लिहीन, चांगला असो की नसो.

पाच लिटरचा डबा मला 1,050 रुपयांना पडला. साधं रिफाइंड सोयाबीन त्याच आठवड्यात लिटरला 140 च्या आसपास होतं, म्हणजे हे दीडपट. आम्ही दोघं, मुलगा, सून आणि नात, महिन्याला अडीच लिटर लागतं. सणाच्या तळणीला कढईभर तेल लागणार असेल तर हे घेऊ नका, कढईत चार तास तापल्यावर 190 आणि 240 मधला फरक उरत नाही. रोजच्या फोडणीला, कणकेत, चटणीत, वरून घालायला घ्या.

उघडलेला डबा फार दिवस ठेवू नका, लवकर संपवा. आम्ही पाच लिटरमधून आठवड्याचं तेल स्टीलच्या बरणीत काढतो आणि मोठा डबा ओट्याखाली अंधारात ठेवतो, गॅसपासून लांब. बरणी प्रत्येक वेळी धुऊन पूर्ण वाळवायची, जुन्या तेलावर नवं ओतायचं नाही.

दुकान सकाळी साडेदहाला उघडतं, रविवारी बंद. चिठ्ठीवर भरल्याची तारीख असते, ती बघून महिन्याच्या आतलाच डबा घ्या. आणि नाकाची शंका आली तर झाकण उघडायला सांगा, तो उघडून देतो. आतलं थोडंसं तळहातावर घेऊन चोळा, हात नाकाशी धरा. भाजल्या डाळीचा वास आला तर घ्या. गवताचा आला तर तसं त्याला सांगा, तो दुसरा डबा काढतो.